आठ महिन्यांचे वर्ष

श्रोतेहो, नमस्कार. मुंबईत रस्त्याचे काम करणाऱ्यांचे वर्ष बारा महिन्यांचे नसते, आठ महिन्यांचे असते. पाऊस परतला की ऑक्टोबरात खोदकाम सुरू होते आणि ३१ मेपर्यंत उकरलेला प्रत्येक रस्ता पुन्हा चालता करून द्यावा लागतो. महापालिकेच्या रस्त्यांची लांबी सुमारे दोन हजार किलोमीटर आहे. एवढे रस्ते नव्याने बांधायचे, तर पैशाआधी या आठ महिन्यांचा हिशेब मांडायला हवा. आपण मात्र आधी आकडा जाहीर करतो आणि महिने नंतर मोजतो.

२०२३च्या जानेवारीत सुमारे ४०० किलोमीटर रस्ते सिमेंट काँक्रीटचे करण्याची कामे सुमारे ६,०८० कोटी रुपयांना दिली गेली. पुढे दुसरा टप्पाही आला. काँक्रीटच का, हे पावसाळ्यात वेगळे सांगावे लागत नाही. डांबराचे आणि पाण्याचे हाडवैर आहे. तुंबलेले पाणी थरात मुरले आणि वरून बसगाड्या जाऊ लागल्या की खडी सुटते आणि खड्डा पडतो. काँक्रीटला पाण्याचे तेवढे भय नाही, पण त्याला घाई सोसत नाही. जुना रस्ता उकरून खालचा भराव दाबायचा, त्यावर कमी सिमेंटचा एक थर, त्यावर जाड मुख्य थर, आणि मग कित्येक दिवस गोणपाट अंथरून पाणी मारत राहायचे. काँक्रीटची ताकद अजमावायची ती २८ दिवसांनी. शिवाय गल्ली पूर्ण बंद ठेवता येत नाही, म्हणून एक बाजू झाल्यावर दुसरी.

हे झाले वरच्या अंगाचे. रस्त्याच्या पोटात जलवाहिनी, मलनिस्सारण वाहिनी, पर्जन्यजलवाहिनी, विजेच्या आणि दूरध्वनीच्या तारा, गॅसची नळी, आणि प्रत्येकीचा धनी वेगळा. गिरगाव-परळसारख्या जुन्या वस्तीत नकाशा एक सांगतो आणि कुदळ दुसरेच दाखवते. ज्या वाहिनीचे आयुष्य सरत आले आहे, तिच्यावर तसेच काँक्रीट ओतले, तर ती फुटेल त्या दिवशी तोच रस्ता फोडावा लागणार. आमच्याच गल्लीत काँक्रीटचा रस्ता होऊन चार महिने झाले नव्हते, तोच कोणत्या तरी सेवेसाठी त्यात चर खणला गेला आणि तो पेव्हर ब्लॉकने बुजवला गेला. तेव्हापासून तेथून जाणारी प्रत्येक रिक्षा एक आचका देऊनच पुढे जाते.

चर हा केवळ गैरसोयीचा विषय नाही, पैशाचाही आहे. काँक्रीट रस्त्यांसाठी कंत्राटदारावर दहा वर्षांचे दोषदायित्व असते, म्हणजे तेवढ्या काळात रस्ता खचला वा तडकला तर दुरुस्ती त्याने स्वखर्चाने करायची. परंतु दुसऱ्याच कोणी मध्ये चर पाडला, की दोष नेमका कोणाचा यावर वाद घालायला जागा होते, आणि करदात्याने मोजलेली ती हमी तेवढ्यापुरती कागदावर राहते. म्हणून माझे म्हणणे असे, की निविदा काढण्यापूर्वी प्रत्येक संस्थेकडून पुढील काही वर्षांच्या गरजा लेखी घ्याव्यात, तारांसाठी कडेला मोकळ्या नळ्या टाकाव्यात, जुन्या वाहिन्या त्याच वेळी बदलाव्यात, आणि हा सारा खर्च रस्त्याच्याच अंदाजपत्रकात धरावा. दर किलोमीटरचा खर्च त्यामुळे निश्चित वाढेल, आणि एका हंगामात हाती घ्यायचे रस्ते कमी करावे लागतील. ते मला मान्य आहे.

आता पैसा. या शहरात एके काळी रस्त्याचा खर्च जमिनीनेच फेडावा, असा विचार झाला होता. १८९६च्या प्लेगनंतर १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने कर्ज काढून दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट, मोहम्मद अली रोड यांसारखे रस्ते काढले, दादर-माटुंग्याची आखणी केली, आणि रस्त्यालगतचे भूखंड भाडेपट्ट्याने देऊन उत्पन्न मिळवले. त्यासाठी गरिबांची घरे पाडली गेली, हेही विसरता येत नाही. महापालिकेचा हक्काचा आधार पुढे जकात हा होता. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, जकात गेली आणि तिच्या जागी राज्याकडून भरपाई येऊ लागली. वाढीव बांधकामासाठी विकासकांकडून घेतलेले अधिमूल्य हाही मोठा स्रोत आहे, पण घरांचा बाजार मंदावला की तो आटतो. असा चढउताराचा पैसा रस्ता एकदा बांधण्यासाठी वापरावा. त्याची वर्षानुवर्षांची देखभाल मात्र मालमत्ता करासारख्या दरवर्षी येणाऱ्या उत्पन्नातूनच व्हावी. २०२२पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना हा कर माफ आहे. लहान घरांना मिळालेल्या सवलतीबद्दल माझी तक्रार नाही. फक्त तेवढी रक्कम दुसरीकडून कशी भरून काढायची, हे त्याच श्वासात सांगितले गेले असते तर बरे झाले असते.

काँक्रीटच्या गुणवत्तेवर लक्ष ठेवण्यासाठी महापालिकेने मुंबईच्या आयआयटीची नेमणूक केली, हे योग्यच झाले. कामाच्या ठिकाणी फलकही लागतो. त्यावर कंत्राटदाराचे नाव आणि कामाची मुदत असते. त्या फलकावर आणखी दोन ओळी असाव्यात, अशी माझी सूचना आहे: या रस्त्याखालच्या कोणकोणत्या वाहिन्या बदलल्या, आणि कोणत्या वर्षापर्यंत येथे चर खणू दिला जाणार नाही. नमस्कार.