हौद्यातली पट्टी

(पडदा काळा. सेल्फचा आवाज. पुन्हा एकदा. इंजिन घेत नाही.)

सोलापूर. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागचं गॅरेज, सकाळचे साडेसात. मिस्त्री हात वर करतात. "लाइनीत एअर हाय. सेल्फ मारून बॅटरी कशाला उतरवतोस बे?" मिस्त्री आप्पांच्या वेळचे आहेत. माझे केस पांढरे झाले तरी त्यांच्या लेखी मी कॉलेजातलाच.

डिझेल गाडीचा पंप आणि नोझल खोलून परत बसवले की पाइपात हवा अडकते. ती निघेपर्यंत इंजिन लागत नाही. म्हणून फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा आणि हातपंप दाबत बसायचं. आधी फेस येतो. मग मोठे बुडबुडे. मग सलग पिवळसर धार लागते, तेवढ्यात स्क्रू आवळायचा. मिस्त्रींची बोटं सध्या त्या कामावर आहेत.

(गाडी पूर्ण दिसते. दारं काढलेली, रंग अर्धवट खरवडलेला.)

ही टाटामोबाइल २०६. टेल्कोनं, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सनं, १९८८ साली बाजारात आणलेली पिकअप. चार सिलिंडर, १९४८ सीसीचं डिझेल इंजिन. आमची १९९२ची. चादरी-टॉवेलांचे गठ्ठे कारखान्यातून ट्रान्सपोर्टला पोचवायला आप्पांनी घेतली. मी सकाळी लेक्चरला, दुपारी गाडी घेऊन चाटी गल्लीत. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरला की मित्र मागे भरून थेट होम मैदान. हप्ते आप्पांचे, रुबाब माझा.

पुढे धंदा बसला. गाडी घरामागे लिंबाखाली लागली, ती अकरा वर्षं.

इंजिनाचं फार सांगत नाही. लायनर, पिस्टन, रिंगा नव्या. चारही हीटर प्लग बदलले. पैसे गेले, पण काम अडलं नाही. भांडण झालं ते हौद्यावरून, म्हणजे मागच्या माल भरायच्या भागावरून.

(हौद्याचा तळ, जवळून.)

कोपरे इतके गंजले होते की स्क्रूड्रायव्हर टेकवला तरी आरपार. डेंटर म्हणाला, खालचा सगळा पत्रा कापू, नवीन टाकू, दोन दिवसांत मोकळे. पण मधोमध, केबिनपासून मागच्या फाळक्यापर्यंत, हातभर रुंदीची एक पट्टी आहे. गठ्ठे रोज त्याच वाटेनं आत गेले, त्याच वाटेनं बाहेर आले. आप्पा गुडघ्यानं रेटायचे, मी पुढून ओढायचो. आता तीही बाकीच्या पत्र्यासारखीच लाल दिसते. पण तळहात फिरवून बघा. कडेला खरखर लागते, इथे हात घसरतो.

ही कापायची नाही, म्हटलं. डेंटर वैतागला. "जुनं ठेवून नवीन जोडायचं तर मजुरी डबल पडतंय." दिली डबल. जुन्या गाडीला शोरूमसारखी चकाकी आणलेली मला कधी पटली नाही. तसलीच हवी तर नवीन घ्यावी की.

(सेल्फ. धूर. इंजिन लागतं.)

आधी पांढरा धूर, मग खडखड, मग तो आवाज. मिस्त्री काही बोलले नाहीत. फडक्याला हात पुसत चहा सांगायला गेले.

कागदांची वारी निराळी. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी फिटनेस लागतं. पहिल्या फेरीत हेडलाइटचा झोत वर जातो म्हणून परत पाठवली. बरोबरच होतं त्यांचं. दुसऱ्या फेरीत पास झाली.

(सात रस्ता. संध्याकाळ.)

रिकामी पिकअप उडते. मागचे स्प्रिंगचे पाटे ओझ्यासाठी घडवलेले, त्यांना माझ्या एकट्याचं वजन जाणवतही नाही. पहिल्याच स्पीडब्रेकरला डोकं टपाला लागलं. कॉलेजात यावर इलाज ठरलेला होता, मागे तीन-चार मित्र बसवायचे.

आज त्यातले दोघं आलेत. एकाचा गुडघा धरतो, म्हणून फाळका उघडून खाली स्टूल ठेवलंय. वर चढून तो बरोबर त्या पट्टीवर बसला.

"वजनाची काळजी करू नको बे," तो आतून ओरडतो. "आता भरपूर हाय."

(फाळक्याची साखळी अडकवल्याचा आवाज.)