पलंगाशेजारची खुर्ची

(मॉनिटरचा आवाज. मॅनिकिनची छाती वरखाली होते आहे.)

ही नर्सिंगच्या विद्यार्थिनींची सिम्युलेशन लॅब, म्हणजे वॉर्डासारखी मांडलेली सरावाची खोली. पलंगावरचा पेशंट म्हणजे मॅनिकिन, सरावासाठीचा माणसाएवढा पुतळा. त्याचा श्वास चालतो, नाडी लागते. काचेपलीकडून शिक्षिका माइकवर त्याचं बोलणं बोलतात.

१९११ साली अमेरिकेतल्या हार्टफर्ड रुग्णालयाच्या नर्सिंग शाळेत माणसाएवढी बाहुली आली, 'मिसेस चेस'. तिला उचलायचं, कुशीवर वळवायचं, तिचे कपडे बदलायचे. खऱ्या पेशंटला हात लावण्याआधीचा सराव तिच्यावर व्हायचा. १९६० मध्ये नॉर्वेतून 'रेसुसी अ‍ॅन' आली आणि तोंडाने श्वास कसा द्यायचा ते शिकवू लागली. पुढे मॅनिकिन बोलायलाही लागले. हात तयार होत गेले. मरणाबद्दल पेशंट विचारील तेव्हा काय करायचं, याची तालीम मात्र मागेच राहिली.

(दार उघडतं.)

हे चॅप्लेन. रुग्णालयात पेशंटजवळ, नातेवाइकांजवळ बसणं हेच यांचं काम. समोरच्याचा धर्म कुठलाही असो, कुठलाच नसो. उपदेश करायचा नाही, हा पहिला धडा. १९२५ मध्ये अँटन बॉइसेन यांनी अमेरिकेतल्या वूस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मशास्त्राचे विद्यार्थी थेट वॉर्डात आणले. तेव्हापासून चॅप्लेन पेशंटकडूनच शिकत आले आहेत. सिम्युलेशन लॅबमध्ये त्यांना बोलवायला आपण इतका उशीर का केला, कळत नाही.

(माइकवरून: "सिस्टर, मी आता वाचणार नाही ना?")

विद्यार्थिनीचा हात बघा. सलाइनकडे गेला. थेंब बरोबर पडताहेत, तरी ती पुन्हा मोजते आहे.

चॅप्लेन खुर्ची ओढतात. पेशंटच्या नजरेला नजर येईल असे बसतात. बराच वेळ काही बोलत नाहीत. मग हळूच विचारतात, "कशाची काळजी लागलीय?"

(विद्यार्थिनी गोल करून बसल्या आहेत.)

हे डिब्रीफिंग, सरावानंतरची चर्चा. "प्रश्न आला तेव्हा तू थेंब का मोजलेस?" चॅप्लेन विचारतात. आवाजात दोष देणं नाही. उत्तराची घाई नाही.

(तिचा चेहरा. निवेदन नाही.)

आपली श्रद्धा पेशंटवर लादायची नाही, आणि आपल्याच्याने होत नसेल तेव्हा चॅप्लेनना बोलवायचं, हेही इथेच ठरतं. वॉर्डात त्याचा उपयोग होतो.

पुन्हा तोच प्रसंग, तोच प्रश्न. हात सलाइनकडे निघतो, मध्येच थांबतो आणि खुर्चीच्या पाठीवर येतो.

(खुर्ची सरकल्याचा आवाज.)