कांजीतली भाऊबंदकी

नमस्कार मंडळी. आज आंबवलेल्या भाज्यांमधल्या जिवाणूंवर बोलायचंय, पण आधी एक किस्सा सांगते, नाहीतर मला चैन पडायची नाही.

लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा समोरच्या फ्लॅटमध्ये अमृतसरच्या एक आंटी राहायच्या. जानेवारीत त्यांनी आम्हाला गाजराची कांजी शिकवली, म्हणजे गाजर-बीटाचे लांब तुकडे, पाणी, मीठ, तिखट आणि भरपूर मोहरीची पूड, वर फडकं बांधून चार-पाच दिवस उन्हात. आमच्या सासूबाईंना ते फडकं काही पटेना. मुंग्या शिरतील म्हणून त्यांनी सगळं एका काचेच्या बरणीत भरलं आणि झाकण असं आवळलं की सासऱ्यांनाही उघडेना. (आपल्या चिनीमातीच्या बरण्या होत्याच की, पण त्या आता लोक हॉलमध्ये प्लास्टिकची फुलं घालून ठेवतात, असो.) तिसऱ्या रात्री दोन वाजता किचनमधून फाट्! सासरे काठी घेऊन धावले, चोरच आला म्हणून. बघतो तर झाकण फ्रिजच्या मागे, दिवाळीत रंगवलेल्या भिंतीवर छतापर्यंत जांभळे शिंतोडे आणि ओट्यावरून पाणी टपटप. काच फुटली नाही हे नशीब. सासूबाई म्हणाल्या, "नासलं गं सगळं." सकाळी आंटींनी तळाशी उरलेलं चमचाभर चाखलं आणि म्हणाल्या, "अरे खराब कहाँ, अब तो बनी है!"

तर तो आवाज केला ल्युकोनोस्टॉक नावाच्या जिवाणूने. हा भाजीबरोबरच घरात येतो. मिठाच्या पाण्यात कुजवणारे जिवाणू मागे पडतात, हा पुढे सरकतो, गाजरातली साखर खातो आणि लॅक्टिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. गॅसने हवा बाहेर ढकलली की बुरशीला वाढणं अवघड. आंबटपणा वाढला की हा स्वतःच दमतो, मग लॅक्टोबॅसिलस प्लांटारम नावाचा दुसरा जिवाणू गादीवर बसतो आणि पाणी अजून आंबट करतो. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) 4.6 च्या खाली गेला की बोटुलिझमचा, म्हणजे अन्नातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचा जिवाणू वाढत नाही. आणि गॅसला वाट हवी, म्हणून झाकण सैल. परत सांगते, झाकण सैल, आणि भाजी पाण्याच्या खाली.

आता गंमत ऐका. यातले काही जिवाणू बॅक्टेरिओसिन नावाची छोटी प्रथिनं सोडतात, आणि ती बहुतेक वेळा मारतात कोणाला, तर जवळच्या नात्यातल्या जिवाणूंनाच! एकाच बरणीत, एकाच साखरेवर डोळा, म्हणजे आपल्याकडची जमिनीची भाऊबंदकीच की. सोडणारा मात्र स्वतःच्या विषापासून वाचायची सोय आधीच करून ठेवतो. यातलं सगळ्यात प्रसिद्ध नायसिन, दुधातल्या एका जिवाणूचं, 1928 मध्ये लक्षात आलेलं. ते समोरच्या जिवाणूच्या आवरणाला भोकं पाडतं. चीजच्या पाकिटावर आयएनएस 234 (अन्नात घातलेल्या पदार्थाचा क्रमांक) दिसलं तर ते हेच. आपण खाल्लं तर इतर प्रथिनांसारखंच पचून जातं.

पण वर केसाळ बुरशी आली किंवा कुजका वास आला तर सरळ फेकून द्या, वरवरचं काढून खाऊ नका. फेकून द्या.

आमच्याकडे आता फडकंच बांधतात, तरी पाहुणे बसलेले असताना सासूबाई आतून ओरडून विचारतातच, "अगं, गॅस सोडलास का?"