दगडात रुजलेलं लव्हाळं

श्रोतेहो, नमस्कार.

प्राचीन इजिप्तमधल्या बांधकामांचा विषय निघाला की गाडी थेट गिझाच्या मोठ्या पिरॅमिडवर जाते. मूळची उंची १४६ मीटर, दगड अंदाजे २३ लाख. आकडे ऐकून आपण थक्क होतो आणि तिथेच थांबतो. मला विचाराल, तर गिझाचा पिरॅमिड हा मोजमापाचा आणि हजारो माणसं हाताळण्याचा पराक्रम आहे. तिथला स्थपती कलावंत म्हणून भेटतो तो त्याच्याही सुमारे शंभर वर्षं आधी, सक्कारा इथे.

इसवी सनापूर्वी २६५० च्या सुमारास जोसेर राजासाठी तिथे पायऱ्यांचा पिरॅमिड उभा राहिला. त्याचा कर्ता म्हणून इमहोटेपचं नाव घेतलं जातं. जोसेरच्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर ते कोरलेलंही सापडलं आहे. तोवर इजिप्तमध्ये घरं, वाडे, देवळं बांधली जायची ती कच्च्या विटांची, लाकडाची, नाहीतर बोरूच्या जुड्या बांधून. एवढ्या मोठ्या प्रमाणावर घडीव दगड पहिल्यांदाच हाती आला होता. मग या कारागिरांनी केलं काय? जुन्या घरांची प्रत्येक खूण दगडात उतरवली!

सक्काराच्या प्रवेशमार्गात शिरलात की दोन्ही बाजूंचे खांब उभ्या पन्हळींचे दिसतात, बोरूची जुडी आवळून बांधावी तसे. वर पाहा: छताच्या दगडांना गोलाई देऊन ओंडके शेजारी शेजारी टाकल्याचा भास केलेला. आणि दाराशी एक उघडं कवाड आहे, भिंतीला टेकलेलं. ते दगडाचंच, भिंतीतच कोरलेलं. साडेचार हजारांहून अधिक वर्षं ते उघडंच आहे, कारण ते मिटणार तरी कसं? बाहेरच्या तटबंदीतही असाच खेळ. दारं पंधरा, त्यांतली चौदा खोटी. राजाच्या आत्म्याला जायला-यायला खरं दार लागत नाही, असा त्यामागचा हिशेब.

याच आवारात एका इमारतीच्या भिंतीवर पपायरसचे अर्धखांब आहेत. पपायरस ही आपल्या लव्हाळ्याच्याच कुळातली वनस्पती, फक्त माणसापेक्षा उंच वाढणारी. लव्हाळ्याची काडी बोटांत फिरवून पाहिली असेल, तर ती गोल नसते, तिधारी असते, हे तुम्हाला ठाऊक असेल. सक्काराच्या त्या खांबांनाही पुढे धार काढलेली आहे. पाथरवटाने रोप नीट पाहिलं होतं.

हे खांब पुन्हा उभे दिसतात, याचं बरंचसं श्रेय ज्याँ-फिलिप लॉएर या फ्रेंच वास्तुविशारदाला. १९२६ मध्ये ते काही महिन्यांच्या कामासाठी आले आणि २००१ मध्ये निधन होईपर्यंत सक्कारातच गुंतून राहिले.

हेच लव्हाळं पुढे, तेराशे-चौदाशे वर्षांनी, कर्नाकच्या देवळात रान माजवतं. सेती पहिला आणि रामसेस दुसरा या राजांच्या काळातल्या तिथल्या सभामंडपात १३४ खांब आहेत. मधल्या वाटेवरचे बारा खांब सुमारे २१ मीटर उंच, आणि त्यांच्या माथ्यावर उमललेली पपायरसची फुलं. बाजूचे १२२ ठेंगणे, त्यांच्या माथ्यावर मिटलेल्या कळ्या. मधलं छत उंच असल्यामुळे दोन्हींच्या मधल्या जागेत दगडी जाळ्यांच्या खिडक्या बसल्या आणि उजेड बरोबर मधल्या वाटेवर आला. म्हणजे जिथे ऊन, तिथे फूल. जिथे सावली, तिथे कळी. विश्वाच्या आरंभी पाणीच पाणी होतं आणि त्यातून पहिली दलदल वर आली, असं इजिप्शियन लोक मानत. हा मंडप म्हणजे ती दलदल. नाईलला पूर आला की पाणी खरोखर देवळात शिरायचं, आणि हे दगडी रान पाण्यात उभं राहायचं.

उजेडावरची त्यांची हुकमत मला खांबांपेक्षाही मोठी वाटते. अशा देवळात उघड्या, लख्ख चौकातून मंडपात आणि तिथून गाभाऱ्याकडे जाताना जमीन थोडी थोडी चढते, छत खाली येतं, उजेड कमी होत जातो. देव बसतो तो अंधारात. बाहेरच्या भिंतींवरची चित्रं बहुधा खोल खोदलेली असतात, कारण भर उन्हात खाचेच्या कडेची सावली रेषा ठळक करते. आत मंद उजेडात मात्र उठाव नाजूक ठेवलेला दिसतो.

आणि रंग! ही देवळं आपल्याला आज मातकट दिसतात, पण मुळात ती रंगवलेली होती. इजिप्तला जाणार असाल, तर लक्सरच्या दक्षिणेला एस्नाचं देऊळ चुकवू नका. ते बरंच नंतरचं, रोमन अमलापर्यंतचं. २०१८ पासून इजिप्शियन आणि जर्मन तज्ज्ञांनी तिथल्या छतावरची काजळी हळूहळू काढली आणि खालून निळे, पिवळे, तांबडे रंग वर आले. मान दुखेल, पण वरच पाहत राहा.