पाच उड्यांचा कशिदा

चाळीसगावच्या बाजारपेठेतल्या एका गाळ्यात कशिद्याचे संगणकीय यंत्र दिवसभर खडखडत असते. लग्नसराईत त्यावर ब्लाऊजच्या बाह्या भरल्या जातात, जूनमध्ये शाळांचे बिल्ले निघतात. आज मात्र रिंगमध्ये ताणलेल्या राखाडी-हिरव्या कापडावर पांढरी हवाई छत्री उमटते आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना फिकट निळे पंख. समोरच्या खुर्चीवर गिरणाकाठच्या गावातून आलेले निवृत्त हवालदार बसले आहेत. त्यांच्या हातात छत्रीधारी सैनिकांच्या याच चिन्हाचा जुना तुकडा आहे. त्याचा निळा रंग विटला आहे, कडेचे धागे सुटले आहेत आणि माजी सैनिकांच्या मेळाव्यासाठी त्यांना कोटावर नवा लावायचा आहे.

यंत्र वेगाने चालते, पण खरे काम त्याआधी होते. चित्रातली प्रत्येक रेषा कोणत्या टाक्याने, कोणत्या दिशेने आणि किती दाट भरायची हे संगणकावर ठरवावे लागते. या कामाला कारागीर ‘पंचिंग’ म्हणतात. पंखांच्या पिसांना तिरका साटिन टाका लागतो. छत्रीच्या दोऱ्या इतक्या बारीक असतात की टाके दाट पडले तर कापड गोळा होते आणि विरळ पडले तर दोरी दिसतच नाही. कापड आक्रसू नये म्हणून खाली बकरम लावतात, आणि शेवटी कडेला जाड गोफासारखी शिलाई घालतात. कापसाच्या या मुलखात यंत्रावर चढलेला धागा मात्र पॉलिस्टरचा आहे.

हे पंख कापडावर यायला काही मिनिटे लागतात. छातीवर येण्याची वाट आग्र्याहून जाते. तेथे हवाई दलाच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये विमानातून पाच उड्या पूर्ण केल्यावर जवानाला ते मिळतात.

भारतातली ५० वी पॅराशूट ब्रिगेड १९४१ साली उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात विमानांतून उतरणाऱ्या ब्रिटिश सैन्याच्या बाहीवर मरून रंगाच्या चौकोनात फिकट निळा पंखांचा घोडा असे. तो ग्रीक कथेतला पेगासस, आणि त्याच्यावर भाला घेतलेला बेलेरोफॉन. स्वातंत्र्यानंतर भारतीय ब्रिगेडने ग्रीकांचा घोडा सोडून आपला घेतला. अर्धा अश्व, अर्धा मनुष्य आणि हाती धनुष्यबाण असे तिचे ‘शत्रुजीत’ हे चिन्ह आहे. मार्कंडेय पुराणातल्या शत्रुजित राजाच्या पुत्राला, म्हणजे मदालसेच्या पतीला, कुवलय नावाचा दिव्य अश्व मिळाला होता, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

महाराष्ट्राचा या कापडाशी संबंध आणखी जवळचा आहे. १९५२ साली पॅराशूट रेजिमेंट स्थापन झाली, तेव्हा तिच्या पहिल्या तीन पलटणींपैकी एक मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण होती. तीच पुढे २ पॅरा झाली, आणि ११ डिसेंबर १९७१ रोजी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या टांगाईलजवळ विमानांतून उतरून तिने पूंगलीचा पूल ताब्यात घेतला, त्यामुळे मैमनसिंगकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी सैन्याची वाट अडली.

संग्राहकांचे जग वेगळे आहे. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानातल्या बाजारांत शिंप्यांनी हाताने भरलेली चिन्हे आज जगभर शोधली जातात, आणि म्हणूनच त्यांच्या नकलाही होतात. नव्या पांढऱ्या धाग्यात उजळपणा आणणारी रसायने असल्यामुळे तो अतिनील प्रकाशात चमकतो, जुना सुती धागा चमकत नाही, ही संग्राहकांची आवडती कसोटी आहे. ती फसतेही, कारण धुण्याच्या पावडरीतही तीच रसायने असतात. हवालदारांच्या हातातला तुकडा ज्या शर्टावर होता, तो त्यांच्या पत्नीने वर्षानुवर्षे पावडरीत धुतला, त्यामुळे हा अस्सल तुकडाही दिव्याखाली नकली ठरेल.

सगळी चिन्हे एका पायरीवर नसतात. महेंद्रसिंग धोनीने २०१५ साली आग्र्यात पाच उड्या पूर्ण करून पंख मिळवले. जून २०१९ मध्ये विश्वचषकाच्या सामन्यात त्याच्या हातमोज्यावर जे दिसले आणि आयसीसीने जे काढायला लावले, ते मात्र पॅरा स्पेशल फोर्सेस या कमांडो दलाच्या ‘बलिदान’ बिल्ल्यावरचे खंजीरचिन्ह होते. ते पाच उड्यांनी मिळत नाही. त्यासाठी त्या दलाची खडतर निवड पार करावी लागते. ते आता टी-शर्टवर आणि मोटारींच्या काचांवरही दिसते. सैनिक नसताना, आपण सैनिक आहोत असे भासवण्याच्या हेतूने गणवेश किंवा चिन्ह धारण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार गुन्हा आहे. वहीत चिकटवलेला संग्रह आणि टोलनाक्यावर दाखवायला लावलेला बिल्ला यांत फरक करणारा शब्द ‘हेतू’ हाच आहे, आणि तो यंत्राला कळत नाही.

यंत्र थांबते. कारागीर कडेचे धागे कातरून तुकडा हवालदारांच्या हातात देतो आणि विचारतो, “नाना, फाइल ठेवू का? आणखी कोणी मागेल.”

नाना जुना आणि नवा तुकडा शेजारी धरून पाहतात. “ठेव. पण मागायला येईल त्याला आग्र्यात उड्या किती मारल्या, ते आधी विचार.”

कारागीर फाइलला ‘नाना आग्रा’ असे नाव देतो आणि पुढच्या ब्लाऊजची रिंग चढवतो.