भरल्या आळ्यात तहानलेलं रोप

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा सरला, ऑक्टोबरचं ऊन चटके देऊ लागलं. जून-जुलैत लावलेल्या रोपांना आजवर आभाळानं पाणी घातलं, आता झारी आपल्या हातात आली.

आमच्या अंगणात मी चिकूचं कलम लावलं होतं. रोज संध्याकाळी नेमानं पाणी. तरी दिवाळीच्या सुमारास पानं करपली. शेवटी उकरून पाहिलं. भोवतीची काळी माती ओलीगच्च, बोटांना चिकटत होती. आणि मधला लाल मातीचा गोळा, रोपवाटिकेच्या पिशवीतून आलेला, विटेसारखा कोरडा ठणठणीत! मुळं सगळी त्या गोळ्यातच. म्हणजे पाहुण्याला उपाशी ठेवून मी शेजाऱ्यांना जेवू घालत होते.

असा गोळा एकदा पुरता वाळला की पाणी लवकर आत घेत नाही; ते कडेनं निघून जातं. म्हणून लावण्याआधी पिशवीसकट बादलीत बुडवायचा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग पिशवी फाडून काढायची (हो, पिशवीसकट लावणारेही भेटलेत मला!). पुढचे काही आठवडे पाणी गोळ्यावरच घालायचं, झारीनं, सावकाश. थोडं घाला, मुरू द्या, पुन्हा घाला. नवी फूट जोमानं येऊ लागली की मुळं बाहेर निघाली असं समजा. मग आळं रुंद करा आणि पाणी बुंध्यापासून लांब, कडेकडेनं द्या.

रोज किती घालायचं, असं विचाराल, तर बोट खुपसून बघा. दोन पेरं खोल ओल लागली तर त्या दिवशी झारी ठेवून द्या. मुळांना हवाही लागते. काळ्या मातीत पाणी तुंबलं की ती कुजतात. भर दुपारी पानं मलूल दिसली म्हणून धावू नका. सकाळीही माना टाकलेल्या असतील, तर मात्र आधी माती चाचपा.

आळ्यात पालापाचोळा पसरा, पण बुंध्याला चिकटवू नका. गावाला जायचं असेल तर रोपाशेजारी एक भाजलेलं पण झिलई नसलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवा, पाणी आपसूक झिरपत राहील. तोंडावर करवंटी पालथी घालायला विसरू नका, नाहीतर परत याल तेव्हा डास स्वागताला हजर!

नमस्कार.