मोयामोया: ऑपरेशननंतरचे पहिले काही दिवस

स्क्रीनवर आत्ता जी अँजिओग्राफी दिसतेय ती जरा नीट बघा. मानेतून वर आलेली जाड धमनी मेंदूच्या तळाशी पोचते आणि तिथे निमुळती होत होत जवळजवळ संपतेच, आणि तिच्या भोवती हे बारीक वाहिन्यांचं धुरकट जाळं. १९६९ साली सुझुकी आणि ताकाकू या जपानी डॉक्टरांनी या धुरावरूनच आजाराला नाव दिलं, मोयामोया, म्हणजे जपानीत धुरासारखं धूसर.

धमनी अशी बंद होत गेली की मेंदूला रक्त कमी पडतं आणि स्ट्रोक येऊ शकतो. मोठ्या माणसांमध्ये यावर खरा उपाय म्हणजे बायपास, रक्ताला दुसरी वाट करून देणं. कानाच्या पुढे बोट ठेवलं की ठोका लागतो ना, ती डोक्याच्या कातडीला रक्त देणारी धमनी. सर्जन तीच मोकळी करतात, कवटीत छोटी खिडकी करतात आणि मेंदूवरच्या धमनीला ती शिवून टाकतात. दोन्ही साधारण एकेक मिलिमीटरच्या, आणि टाके घालायचा धागा केसाहूनही बारीक, मायक्रोस्कोपशिवाय नीट दिसणारच नाही.

आता घरचे लोक विचारतात, आणि बरोबरच विचारतात, की स्ट्रोक टाळायला ऑपरेशन केलं मग ऑपरेशननंतरच स्ट्रोक कसा काय येतो?

त्याचं असं आहे, या पेशंटच्या मेंदूतल्या वाहिन्या आधीच जेवढ्या फुगता येतील तेवढ्या फुगून बसलेल्या असतात, म्हणजे शिल्लक काही नसतंच, त्यामुळे एरवी आपल्याला जाणवणारही नाही असा छोटा धक्का यांना महागात पडतो. बीपी थोडं खाली आलं, रात्रभर उपाशी राहून शरीरातलं पाणी कमी झालं, रक्त गेलं, झालं. श्वासाचंही तसंच. भूल दिलेली असताना व्हेंटिलेटर जरा जोरात चालला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, वाहिन्या आकसतात, आणि तो जास्त चढला तरी चांगल्या भागातल्या वाहिन्या रक्त ओढून घेतात आणि आजारी भाग कोरडा पडतो. म्हणून भूलतज्ज्ञाची नजर त्या आकड्यावरून हलत नाही. मला विचाराल तर या ऑपरेशनमध्ये त्यांचं काम सर्जनइतकंच मोठं आहे, ते बोललं मात्र फार कमी जातं.

धोका कोणाला जास्त? ज्यांना नुकताच स्ट्रोक येऊन गेलाय त्यांना, कारण तो भाग अजून नाजूक असतो, म्हणून इमर्जन्सी नसेल तर डॉक्टर बहुतेक वेळा काही आठवडे थांबतात. डायबेटीस असलेल्यांना. आणि ज्यांच्या मेंदूच्या मागच्या बाजूची धमनीसुद्धा अरुंद झालीये त्यांना, हे फार महत्त्वाचं आहे, कारण पुढच्या धमन्या बंद होत जातात तेव्हा मेंदूला मागूनच हात दिला जातो, तोही गेला तर मग उरतं काय! पर्फ्युजन स्कॅनमध्ये, म्हणजे मेंदूच्या कुठल्या भागात किती रक्त पोचतंय ते दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, वाहिन्यांची शिल्लक ताकद किती कमी आहे तेही बघावं लागतं. अँजिओग्राफीत धूर कमी दिसतोय म्हणून खूश होऊ नका, आजार पुढे सरकला की ते जाळंच विरत जातं.

आणि याची दुसरी बाजू. वर्षानुवर्षं तहानलेल्या भागात एकदम भरपूर रक्त आलं की त्या वाहिन्यांना ते झेपत नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत बरा बोलणारा पेशंट मग अचानक हातातल्या चमच्याकडे बघत राहतो, त्याचं नाव काही सुचत नाही. बऱ्याचदा हे काही दिवसांत आपोआप जातं, पण कधी तिथेच रक्तस्राव होतो. म्हणून बीपी खूप खालीही नको आणि वरही नको, मधल्या अरुंद पट्ट्यात ठेवायचं, आणि ते किती हे प्रत्येक पेशंटचं वेगळं.

आयसीयूत नर्स परत परत येऊन सांगते, दोन्ही हात वर करा, नाव सांगा, हसून दाखवा. पेशंट कंटाळतो, झोपू द्या म्हणतो. पण आजार बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना असतो आणि स्ट्रोक ज्या बाजूला हातही लावलेला नाही तिथेही येऊ शकतो, म्हणून दोन्ही हात बघायचेच. आणि एक हात जरी खाली घसरला तरी, होईल बरं आपोआप असं धरून बसायचं नाही, ताबडतोब स्कॅन करायचा, कारण ही तात्पुरती कमजोरी आहे की खरा स्ट्रोक हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही.